कुंडीतील लोंबती कॅम्पॅन्युला : तीन जातींचा तीन वर्षांचा अनुभव

इंग्लंडमध्ये मे महिना लागला की सुपरमार्केटच्या दारातच निळ्या-जांभळ्या फुलांनी गच्च भरलेल्या लहान कुंड्या मांडलेल्या दिसतात. पाने दिसू नयेत इतकी फुले, भोवती पारदर्शक प्लॅस्टिकचे वेष्टन आणि किंमत चार-पाच पौंड. ही कॅम्पॅन्युला. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ छोटी घंटा असा होतो. बहुतेक घरांत ही कुंडी तीन-चार आठवडे स्वयंपाकघराच्या खिडकीत राहते, फुले वाळतात, पाने पिवळी पडतात आणि रोप मेले असे समजून ती टाकून दिली जाते. लंडनच्या दक्षिणेला राहायला आल्यावर पहिली दोन वर्षे मीही तेच केले आणि त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण हे रोप बहुवर्षायू आहे. चुनखडीच्या कड्यांमधल्या भेगांत मुळे रोवून वर्षानुवर्षे जगणाऱ्या वनस्पतीला आपण ओल्या, गुदमरलेल्या मातीत आणि हीटरच्या उष्णतेत ठेवतो, आणि ती मेली की तिलाच नाजूक म्हणतो.

एप्रिल २०२२ मध्ये मी टपालाने रोपे पाठवणाऱ्या एका लहान रोपवाटिकेकडून लोंबत्या वाढीच्या तीन जातींची रोपे मागवली आणि तेव्हापासून ती कुंड्यांतच वाढवली. त्या वर्षाने त्यांची परीक्षाही चांगलीच घेतली. १९ जुलैला इंग्लंडमध्ये तापमान प्रथमच ४० अंशांच्या वर गेले, आणि डिसेंबरच्या मध्याला आमच्या अंगणात सलग आठवडाभर पाणी गोठत होते. खालील मते या दोन्ही टोकांतून वाचलेल्या, आणि काही न वाचलेल्या, कुंड्यांवर आधारलेली आहेत.

सर्वांत आधी मी शिफारस करीन ती कॅम्पॅन्युला पोर्टेनश्लागियाना या जातीची. नाव उच्चारायला अवघड आहे. ते फ्रान्झ फॉन पोर्टेनश्लाग या ऑस्ट्रियन निसर्गअभ्यासकावरून पडले. तिचे जुने नाव म्युरॅलिस, म्हणजे भिंतीवरची, आणि मला ते अधिक खरे वाटते, कारण इंग्लंडमधल्या जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांतून ती जागोजागी आपोआप उगवलेली दिसते. मूळ घर क्रोएशियातील डाल्मेशियाच्या चुनखडीच्या डोंगरांत. उंची जेमतेम १५ सेंटीमीटर, पाने लहान, दातेरी आणि जवळपास वर्षभर हिरवी, आणि फुले खऱ्या अर्थाने घंटेसारखी, गडद जांभळी. जूनच्या सुरुवातीला ती उमलू लागतात आणि जुलैच्या अखेरीपर्यंत कुंडीचा काठ दिसत नाही. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने बागेसाठी खात्रीचे झाड म्हणून तिला गौरविलेले आहे आणि माझ्या अनुभवात ती या गौरवाला पूर्ण पात्र ठरली. उष्णतेच्या त्या दोन दिवसांत तिची फुले करपली, परंतु झाड उभे राहिले. डिसेंबरच्या गारठ्यात ती उघड्यावरच होती आणि मार्चमध्ये पुन्हा फुटली. मात्र ती फार लांब लोंबत नाही. काठावरून वीसेक सेंटीमीटर ओसंडते आणि थांबते. त्यामुळे तिला टांगत्या टोपलीत न लावता ३० सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल अशा भाजलेल्या मातीच्या पसरट कुंडीत लावावे, आणि ती कुंडी पायरीवर किंवा कठड्यावर, डोळ्यांच्या थोडी खाली राहील अशी ठेवावी.

दुसरी पोशार्स्कियाना. ड्रेस्डेनच्या पोशार्स्की नावाच्या उद्यानतज्ज्ञाचे नाव तिला मिळाले आहे. ती बाल्कनमधल्या डिनारिक पर्वतांतली. फुले फिकट जांभळी आणि घंटेपेक्षा चांदणीसारखी, कारण पाकळ्या खोलवर चिरलेल्या असतात. तिच्या दांड्या ५० ते ६० सेंटीमीटर लांब जातात. मी ती जुन्या धुराड्याच्या उंच मातीच्या नळकांड्यात लावली आहे (इकडे पाडलेल्या घरांच्या छपरांवरची ही नळकांडी बागेसाठी विकत मिळतात) आणि तिथून खाली कोसळणारा तो फिकट जांभळा प्रवाह पाहण्यासारखा असतो. तिला मरण ठाऊक नाही. पाणी विसरा, खत विसरा, सावलीत ठेवा, ती वाढत राहते. हाच तिचा दोषही आहे. जमिनीखालून पसरणाऱ्या तिच्या फुटव्यांनी एकाच उन्हाळ्यात शेजारच्या कुंडीतल्या खडकांत वाढणाऱ्या लहान फुलझाडांना गिळून टाकले, म्हणून ती एकटीच वाढवावी, आणि वाफ्यात लावायची असेल तर नीट विचार करून लावावी. पांढऱ्या फुलांची हवी असल्यास ‘ई. एच. फ्रॉस्ट’ हा वाण आहे. या दोन जातींच्या संकरातून झालेला ‘बर्च हायब्रिड’ नावाचा वाण पसरण्याच्या बाबतीत बराच समंजस असल्याने लहान बाल्कनीसाठी मी मूळ जातीपेक्षा तोच सुचवीन.

येथे एक तक्रार नोंदवणे भाग आहे. पोर्टेनश्लागियाना म्हणून आलेल्या दोन रोपांपैकी एक प्रत्यक्षात पोशार्स्कियाना निघाले. एप्रिलमध्ये नऊ सेंटीमीटरच्या कुंडीतली पाने पाहून हा फरक सहज कळत नाही. जूनमध्ये चांदणीसारखी फुले आली तेव्हा चूक उघडकीस आली, आणि तोपर्यंत ते रोप पसरट कुंडीत दुसऱ्या रोपाच्या अंगावर चढले होते. मी छायाचित्रे पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आले की दोन्ही जाती जवळपास सारख्याच आहेत. त्या सारख्या नाहीत, आणि रोपे विकणाऱ्याने तरी असे म्हणू नये. अखेर निम्मे पैसे परत मिळाले. बांधणीबद्दल मात्र त्यांचे कौतुकच करावे लागेल. प्रत्येक कुंडी जाड पुठ्ठ्याच्या खणात बसवलेली होती आणि दोन दिवसांच्या प्रवासानंतरही एकही दांडी मोडली नव्हती. खरेदी करणाऱ्यांना माझे सांगणे असे की शक्य असेल तर जूनमध्ये फुलावर आलेले रोप प्रत्यक्ष पाहून घ्यावे. पाकळ्यांची चीर फुलाच्या वरच्या भागापुरती असेल आणि खाली पेल्यासारखा भाग राहत असेल तर पोर्टेनश्लागियाना. चीर अर्ध्याच्या खाली जात असेल तर पोशार्स्कियाना.

तिसरी जात माझ्या विशेष जिव्हाळ्याची आहे, आणि टांगत्या कुंडीचा विषय निघतो तेव्हा खरे तर तिचेच नाव घ्यायला हवे. कॅम्पॅन्युला आयसोफायला. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरियात, कापो नोली या भूशिराच्या आसपासच्या चुनखडीच्या कड्यांवर ती रानात वाढते आणि जगात अन्यत्र कोठेही ती नैसर्गिकरीत्या सापडत नाही. समुद्रावर झुकलेल्या कड्यातून ती लोंबते, म्हणून टांगत्या कुंडीत तिला काही वेगळे शिकवावे लागत नाही. फुले साडेतीन-चार सेंटीमीटर रुंद, बशीसारखी उघडी, पांढरी किंवा फिकट निळी, आणि जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत सतत येणारी. माझ्याकडे पांढरी आहे. २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला गणपती बसले तेव्हा ती पूर्ण बहरात होती. फांदी तोडली की दुधासारखा चीक येतो आणि फुले लगेच माना टाकतात, म्हणून मी अख्खी कुंडीच काढून आणून मखराच्या शेजारी टांगली. पाच दिवस त्या पांढऱ्या फुलांची आरास जशीच्या तशी राहिली.

या जातीचे एक रहस्य मला फार उशिरा कळले. ती दीर्घदिनी वनस्पती आहे, म्हणजे दिवस साधारण १४ तासांहून मोठा झाल्याशिवाय ती कळ्या धरत नाही. पहिल्या वर्षी मी ती उत्तरेच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर ठेवली होती आणि पानांखेरीज काही दिसेना म्हणून खताचे प्रमाण वाढवत होते. त्याने पाने आणखी वाढली. दुसऱ्या वर्षी मेपासूनच ती पूर्वेकडील खिडकीबाहेर टांगली. तिथे पहाटेचा उजेड लवकर आणि दुपारचे ऊन नाही, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली कळी दिसली.

पुण्याहून मावशी दर उन्हाळ्यात फोनवर या फुलांची छायाचित्रे पाहून विचारतात की बिया पाठवता येतील का, म्हणून महाराष्ट्रातील वाचकांसाठीही हे स्पष्टपणे लिहिते. लंडनमध्ये जूनचा सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून थोडा अधिक असतो. पुण्यात तो सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. म्हणजे आयसोफायला पुण्याच्या बाल्कनीत जगली, तरी दिव्यांचा उजेड वाढवून दिल्याशिवाय तिला कळ्या धरण्याची सूचना मिळणारच नाही. इतर दोन जातींना भरघोस फुलण्यासाठी हिवाळ्याचा खरा गारठा लागतो, आणि जून ते सप्टेंबरचा आपला पाऊस त्यांची मुळे कुजवायला पुरेसा आहे. बिया किंवा रोपे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय भारतात पाठवणे नियमाबाहेर आहे, आणि ते करूही नये. टांगत्या कुंडीत निळे फूल हवे असेल तर तिकडे इव्हॉल्व्ह्युलस लावावा. आपल्या विष्णुक्रांतेचा तो जवळचा नातलग आहे, पुण्या-मुंबईच्या उन्हात तो रोज सकाळी फुलतो आणि कोणत्याही रोपवाटिकेत मिळतो. कॅम्पॅन्युलाच्या कुळातलेच कोणी पाहायचे असेल, तर हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वाटेवर माणसाहून उंच दांड्यावर पांढऱ्या फुलांचे तुरे धरणारी रानतंबाखू, म्हणजेच देवनळ, पाहावी. दिसायला काहीच साम्य नसले तरी ती याच कुळातली आहे, आणि तोडल्यावर तीही चीक गाळते.

आता निगेविषयी. तिन्ही जातींच्या बाबतीत यशापयशाचा निर्णय मातीच्या मिश्रणावर होतो, असे माझे ठाम मत झाले आहे. मी तुलना करण्यासाठी एक कुंडी दुकानात मिळणाऱ्या सर्वसाधारण मिश्रणात आणि दुसरी जॉन इनिस क्रमांक २ या मिश्रणात चाळलेली खडी घालून भरली. जॉन इनिस हे कोणा कंपनीचे नाव नाही. १९३० च्या दशकात त्याच नावाच्या संशोधन संस्थेत ठरवलेली ती कृती आहे. मूळ प्रमाण आकारमानाने सात भाग दुमट माती, तीन भाग पीट (दलदलीत अर्धवट कुजून साचलेला वनस्पतींचा थर) आणि दोन भाग जाड वाळू असे आहे. आता पीटऐवजी दुसरे सेंद्रिय द्रव्य वापरलेली मिश्रणेही मिळतात आणि पीटच्या दलदली वाचाव्यात म्हणून मी तीच घेते. या मिश्रणाच्या दोन भागांत एक भाग बारीक खडी मिसळली. परिणाम पहिल्याच वर्षी दिसला. सर्वसाधारण मिश्रण जुलैत आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटले, वरून घातलेले पाणी कडेने सरळ खाली वाहून गेले आणि मधला गोळा कोरडाच राहिला. तेच मिश्रण डिसेंबरात लगद्यासारखे ओले राहिले आणि रोप बुंध्याशी सडले. खडीच्या कुंडीत मातीने पाणी धरले आणि सोडलेही. मातीवर खडीचा बोटभर थर पसरला तर बुंधा कोरडा राहतो. तो प्रत्येकाने द्यावा.

पाण्याबाबत लंडनचे जड पाणी येथे वरदान ठरते. चुनखडीत वाढणाऱ्या या झाडांना पाण्यातला चुना बाधत नाही, त्यामुळे गार्डेनियासाठी साठवावे लागते तसे पावसाचे पाणी यांच्यासाठी साठवावे लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये दक्षिण इंग्लंडच्या मोठ्या भागात नळीने पाणी घालण्यावर बंदी आली, तेव्हा या कुंड्या मी तांदूळ आणि डाळ धुतलेल्या पाण्यावर जगवल्या आणि त्यांचे काही बिघडले नाही. टांगत्या कुंडीला वारा फार लवकर सुकवतो. उन्हाळ्यात तिला रोज, आणि कडक उन्हात दोनदा पाणी लागते. कुंडी पूर्ण सुकून हलकी झाली असेल तर वरून पाणी न घालता ती बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावी. आयसोफायलाला मी पंधरा दिवसांतून एकदा टोमॅटोसाठी मिळणारे पालाशयुक्त द्रवखत निम्म्या प्रमाणात देते. बाकीच्या दोघींना वसंतात मूठभर नवी माती दिली की पुरते.

छाटणीचे मात्र विसरू नये, आणि बहुतेक जण नेमके तेच विसरतात. पोर्टेनश्लागियानाचा पहिला बहर ओसरला की जुलैअखेर कात्रीने सगळी वाढ चार-पाच सेंटीमीटरवर आणावी, भरपूर पाणी द्यावे आणि महिनाभर तिच्याकडे पाहू नये. पहिल्यांदा असे करताना माझे हात थरथरले होते. सप्टेंबरमध्ये पुन्हा फुले येतात, पहिल्या बहराइतकी नाहीत तरी कुंडी शोभावी इतकी. आयसोफायलाची सुकलेली फुले मात्र रोज खुडावी लागतात, कारण बी धरले की ती नव्या कळ्या थांबवते. वसंतात तिचे शेंडे दोनदा खुडले तर अधिक फांद्या फुटतात. बोटांना चीक चिकटतो, म्हणून हातमोजे घालावेत.

हिवाळ्यात या तिघींच्या वाटा वेगळ्या होतात. पहिल्या दोघी अंगणात राहतात. कुंडीखाली विटांचे तुकडे ठेवून पाणी निघून जाईल एवढे पाहिले की झाले, कारण त्यांचा शत्रू थंडीपेक्षा साचलेले पाणी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये जमिनीला टेकलेल्या एका कुंडीत पाणी गोठून तिचा काठ फुटला. विटांवरच्या कुंड्या शाबूत राहिल्या. आयसोफायलाला दहिवर, म्हणजे गोठलेले दव, सोसत नाही. ऑक्टोबरमध्ये तिच्या फांद्या पाच सेंटीमीटरवर कापून मी ती दाराबाहेरच्या काचबंद, हीटर नसलेल्या पडवीत आणते. तिथे पाच ते दहा अंश तापमान राहते. तीन आठवड्यांतून एकदा थोडेसे पाणी. फेब्रुवारीपर्यंत कुंडीत वाळक्या काड्यांखेरीज काही दिसत नाही आणि नव्या माणसाला ती मेलीच वाटेल. मार्चमध्ये बुंध्यापासून पोपटी कोंब येतात. त्यातलेच पाच-सहा सेंटीमीटरचे शेंडे घेऊन वाळूमिश्रित मातीत खोचले तर महिन्याभरात मुळे धरतात. ज्यांच्या घरात अशी थंड आणि उजेडाची जागाच नाही, त्यांनी ही जात घेऊ नये. मध्यवर्ती तापवणीच्या कोरड्या खोलीत तिच्यावर लाल कोळी पडतो आणि ती पानगळ होऊन संपते.

किडींपैकी एकीची विशेष सूचना द्यायला हवी. एप्रिल २०२३ मध्ये पोर्टेनश्लागियानाची एक भरलेली कुंडी दोन दिवसांत माना टाकू लागली. पाणी होते, कूज नव्हती. हाताने ओढले तर टोपी उचलावी तसे सगळे झाड वर आले, कारण खाली मुळेच नव्हती. मातीत सेंटीमीटरभर लांबीच्या, पांढऱ्या, वाकड्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या होत्या. आपल्याकडच्या ऊसाच्या हुमणीची लहान आवृत्ती म्हणावी अशा, पण पाय नसलेल्या. सोंडेच्या काळ्या भुंगेऱ्याच्या या अळ्या इकडच्या कुंड्यांतला मोठाच उपद्रव आहेत. तेव्हापासून दर सप्टेंबरात, माती अजून ऊबदार असताना, मी अळ्यांवर जगणाऱ्या सूत्रकृमींची पुडी पाण्यात कालवून प्रत्येक कुंडीत घालते. हे जिवंत उत्पादन असल्याने पुडीवरची मुदत पाहून घ्यावी आणि आल्याबरोबर वापरावे. त्यानंतर एकही झाड गेले नाही. बिनशंखाच्या गोगलगायी कोवळे कोंब खातात. खडीचा थर आणि रात्री टॉर्च घेऊन केलेली वेचणी एवढ्यावर माझे भागते.

सुपरमार्केटमधल्या त्या भेटकुंडीचे काय, असा प्रश्न राहतो. अशा कुंड्यांचे मोठे उत्पादन डेन्मार्कमध्ये होते. एका लहान कुंडीत अनेक छाटकलमे एकत्र लावून, उजेड आणि तापमान ठरवून, त्यांना एकाच वेळी फुलवलेले असते. आत मुळे इतकी दाटलेली असतात की पाणी शिरायला जागा नसते. गेल्या वर्षी मी अशीच एक कुंडी मुद्दाम घेतली. फुले संपताच छाटली, मुळांचा गोळा सुरीने चार भागांत कापला आणि प्रत्येक भाग खडीच्या मिश्रणात वेगळा लावला. चारपैकी तीन भाग जगले आणि या जूनमध्ये तिन्ही फुलले. पाच पौंडांत तीन कुंड्या, असा तो हिशोब झाला. फक्त वेष्टनावर जातीचे नाव नसेल तर फूल पाहून ती ओळखावी, कारण त्यावरच ती हिवाळ्यात अंगणात राहणार की पडवीत येणार हे ठरते.

रोपवाटिकेतल्या रोपासाठी मी साडेपाच पौंड दिले होते. आज विचाराल तर पोर्टेनश्लागियानासाठी मी ते पुन्हा आनंदाने देईन, पोशार्स्कियाना कोणाकडून तरी फुटवा मागून घेईन, आणि आयसोफायला जिथे मिळेल तिथे, नावाची खात्री करून, एकदम दोन घेईन, एक पांढरी आणि एक निळी. निळीची जागा खिडकीबाहेर मी आधीच मोकळी करून ठेवली आहे.